घोंगडी खाली की अंगावर?

पाटसचा एक माणूस माझ्याकडे गोवऱ्या परदेशी पाठवायच्या म्हणून आला होता. साधा माणूस, कारखान्याला ऊस घालणारा, दारात चार गाई. तिकडं होमहवनाला गोवऱ्या लागतात, गिऱ्हाईक ठरलंय, खोकी भरून तयार आहेत, तुम्ही फक्त कागद करून द्या म्हणाला. मी विचारलं, "जाळायला जाणार, खताला जाणार, का पूजेला?"  तो म्हणाला, "म्याडम, ते घेणारा ठरवंल की. मी काय त्याच्या चुलीपाशी जाऊन बसू?"

बोलणं रास्त होतं. पण माझं सगळं आयुष्य ह्याच प्रश्नावर गेलं. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या एक्स्पोर्ट विभागात मी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर खुटबावच्या घरात बसवेना, म्हणून केडगावला एका दुकानाच्या माडीवर टेबल टाकलं आणि आसपासच्या लोकांचे निर्यातीचे कागद करायला लागले. फुलं, गूळ, गोवऱ्या, येईल ते. एका जागी स्वस्थ बसणं मला येत नाही. आमचे हे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. असू दे, भिंगरी होती म्हणूनच हे काम झालं.

काम काय, तर वस्तूला आकडा देणं. देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या पुस्तकातला एक आकडा लावावा लागतो, आणि त्या आकड्यावरून पलीकडची जकात ठरते. पुस्तकात जगातल्या सगळ्या वस्तू कप्प्याकप्प्यांनी मांडलेल्या आहेत आणि नियम कडक आहे: एका वस्तूला एकच कप्पा. बोल्ट असला की प्रश्न नसतो, बोल्ट हा बोल्टच. पण आपल्याकडच्या वस्तू अशा सरळ नसतात. सूप हे अवजार का टोपली? गोवऱ्या मी शेवटी इंधनात घातल्या, आणि कुणी काही विचारलं नाही. कस्टमवाल्यांनी खोकं उघडून वास घेतला असेल आणि पटकन झाकलं असेल, असा माझा अंदाज आहे.

घोंगडीच्या बाबतीत मात्र असं झालं नाही. तिचा आकडा ठरवायला युरोपातल्या सत्तावीस देशांचं मिळून असलेलं न्यायालय लागलं.

निमोण्याला एक आबा आहेत. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती, वर्षातले निम्मे महिने वाडा, म्हणजे बायकापोरांसह फिरतं बिऱ्हाड, घेऊन रानोमाळ. आबांच्या काळात विहीर झाली, थोडं बागायत झालं, मेंढरं मेव्हण्याकडे गेली. पण पडवीतला माग राहिला. हा माग म्हणजे जमिनीत कंबरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं, पायांनी खालच्या फळ्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा. आबांचे गुडघे गेल्यावर त्या खड्ड्यात त्यांची सून सुनंदा उतरली. गावात आधी कुजबूज झाली, मागावर बाई कशी बसली म्हणून. सुनंदानं पहिली घोंगडी विणून सरळ देवळात नेऊन बिरोबापुढं अंथरली, तेव्हा कुजबूज थांबली. ती विणते ते मी पाहिलंय. काळ्या मेंढीची लोकर, सूत गावातल्या बायकांनी कातलेलं, त्याला चिंचोक्याची खळ. नवी घोंगडी इतकी ताठ असते की दारामागं उभी करावी.

हॅम्बुर्गच्या एका व्यापाऱ्यानं ती पुण्याच्या प्रदर्शनात पाहिली आणि मागणी सुरू केली. त्याच्या दुकानात लोक ती शेकोटीपुढं जमिनीवर टाकायला घ्यायचे. मी त्याला विचारूनच आकडा लावला: जमिनीवर अंथरायची वस्तू. काही खेपा सुरळीत गेल्या. मग एका खेपेला तिकडच्या अधिकाऱ्यानं गठ्ठा उघडला, मापं घेतली, आणि लिहिलं की हे तर पांघरूण आहे. एका माणसाच्या मापाचं आहे, दोन्ही टोकांना दशा आहेत, पांघरूणच. पांघरुणाला जकात जास्त. व्यापारी चिडला, वकील लावला, दावा ठोकला. आणि आम्हाला कळवलं की निकाल लागेपर्यंत नवी मागणी नाही.

मी ते सांगायला निमोण्याला गेले तेव्हा सुनंदा मागावर होती. तिनं धोटा थांबवला नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी किती दिस?"

"सांगता येत नाही, आबा."

"कंपनीची गाडी सुनंदाच्या दारावरनं जाती. चार बायका कामाला जात्यात. ही येकटीच हितं खड्ड्यात बसती ती त्या आर्डरीच्या भरवशावर. न्हाई यायची आसंल तर तसं सांगा, खड्डा बुजवून टाकतो. खड्डा बुजवू का?"

"थांबा थोडं," मी म्हणाले.

भिजत घोंगडं हा शब्द तुमच्या ओठावर आला असेलच. आमच्या माडीवर येणाऱ्या प्रत्येकानं तो विनोद करून झालेला आहे. पहिल्या दोनदा मी हसले, पुढं हसू आलं नाही.

आता ह्या खटल्याचं सांगते, कारण मलाही ते समजायला वेळ लागला. व्यापाऱ्याचा वकील हेन्रिक नावाचा, तरणा, उंच, बोलायला मोकळा. त्याचा फोन आला की हॅम्बुर्गच्या न्यायालयानं खटला थांबवलाय आणि लक्झेंबर्गच्या न्यायालयाला प्रश्न पाठवलाय. मला वाटलं अपील झालं. तो म्हणाला, अपील नाही. अपिलात हरलेला वर जातो. इथं न्यायाधीश स्वतःच निकाल द्यायच्या आधी विचारतो, की हा कायदा आपल्या सगळ्या देशांचा सामायिक आहे, ह्यातल्या ह्या शब्दांचा अर्थ मी काय घ्यायचा? लक्झेंबर्ग तेवढाच अर्थ सांगतं. वस्तू कुणाची, खरं कोण बोलतंय, कोण जिंकलं, ह्यात ते पडत नाही. अर्थ लिहून फाईल परत, आणि निकाल द्यायचा हॅम्बुर्गनंच. म्हणजे दौंडच्या कोर्टानं पुण्याला विचारावं, ह्या ओळीचा अर्थ सांगा, आणि पुण्यानं अर्थ सांगून म्हणावं, आता भांडण तुमचं तुम्ही मिटवा, तसंच हे.

"मग स्वतःच का नाही लावत अर्थ?" मी विचारलं. "शिकलेले आहेत ना?"

तो म्हणाला, "सत्तावीस ठिकाणी सत्तावीस अर्थ लागतील. घोंगडी हॅम्बुर्गला पांघरूण आणि रॉटरडॅमला सतरंजी ठरली, तर सगळा माल रॉटरडॅमला उतरेल. मग कायदा एक कुठे राहिला?"

हे मला लगेच पटलं. शिरूरच्या बाजारात एक माप आणि दौंडच्या बाजारात दुसरं असलं तर काय होईल हे आम्हाला शिकवायला नको. पण पुढचं त्यानं सांगितलं त्यानं माझं डोकं गरगरलं. तो कायदा दोन डझन भाषांत लिहिलेला आहे आणि कुठलीच भाषा मूळ नाही. सगळ्या सारख्याच खऱ्या. दोन भाषांत फरक निघाला तर जास्त भाषा कुणीकडं असं मोजून चालत नाही, तो नियम केला कशासाठी हे बघावं लागतं. आणि निकालात न्यायाधीशांचं एकच मत छापतात. आत कोण भांडलं, कोण रुसलं, बाहेर काही कळत नाही. मला ते आवडलं. आमच्या सोसायटीच्या सभेला हा नियम लावायला हवा.

ह्या खटल्यात प्रश्न असा होता. पुस्तकात टीप आहे, की जमिनीवर अंथरायच्या वस्तूचे गुण ज्या वस्तूत आहेत ती दुसऱ्या कामाला वापरली तरी अंथरायचीच वस्तू धरावी. छान. पण गुण म्हणजे काय बघायचं? नुसती वस्तू बघायची, का ती जिथून येते तिथले लोक ती कशी वापरतात तेही बघायचं? हॅम्बुर्गनं लक्झेंबर्गला विचारलं ते हेच.

हेन्रिक म्हणाला, लोकांचा वापर धरला गेलाच, तर आपल्याकडे पुरावा हवा. त्याचं चाकणला दुसरं काम होतं, तेव्हा तो एक दिवस काढून निमोण्याला आला. मी सगळी तयारी केली होती. देवळापुढं घोंगड्या अंथरल्या, म्हातारी माणसं वर बसली, पान खाल्लं, गप्पा मारल्या, हेन्रिकनं सगळं चित्रण केलं. आबांनी कॅमेऱ्यापुढं सांगितलं, "पावणा आला की पयली घोंगडी हातरायची, मंग पाणी इचारायचं." मी आनंदानं नुसती येरझाऱ्या घालत होते. ह्यापेक्षा चांगला पुरावा कुठला असणार?

काम झालं, जेवणं झाली. आणि मी हात धुवायला गेले तेवढ्यात घात झाला. परत येऊन बघते तर हेन्रिक मधोमध उभा. डोक्याला पागोटं, हातात काठी आणि दोन्ही खांद्यांवरून घेतलेली काळी घोंगडी. धनगराच्या घरी मोठ्या माणसाचा मान असाच करतात, शाल देऊन नाही. समोर दहा-बारा मोबाईल. मी ओरडले, "आबा, काय केलंत हे?"

आबांना कळेना. "मान केला," ते म्हणाले. "येवढ्या लांबनं आपल्यासाठी आला माणूस. रिकाम्या खांद्यानं लावून देऊ व्हय?"

मी प्रत्येकाच्या मोबाईलमधले फोटो पुसायला लावले. सरपंचांचा पुसला, शाळामास्तरांचा पुसला, एका पोराचा तर दोन ठिकाणांहून पुसला. गाडीत बसताना निवांत झाले. पण ज्याचा मोबाईल तपासायचं माझ्या मनात आलं नाही तो स्वतः हेन्रिक होता. त्याला तो फोटो इतका आवडला की त्यानं हॅम्बुर्गला गेल्या गेल्या आपल्या ऑफिसच्या वेबसाइटवर लावला. कस्टमच्या वकिलानं तो तिथून उचलला आणि कागदात जोडला: पाहा, मूळ गावी ही वस्तू अंगावर घेतात, आणि हे खुद्द समोरचे वकीलच आहेत.

फोनवर तो माफी मागत होता. त्याला झापावं तर आमच्याच लोकांनी प्रेमानं केलेलं. आबांना झापावं तर त्यांचं चुकलं कुठं? मी फोन ठेवला आणि माडीच्या जिन्यावरून खाली-वर, खाली-वर करत राहिले. खालचा दुकानदार म्हणाला, "ताई, काही हरवलं का?"

आणि मग सुरू झालं थांबणं. दौंडच्या कोर्टात निदान तारीख असते. माणूस तारखेला जातो, पायरीवर बसतो, चहा पितो, शिरस्तेदाराला रामराम घालतो, वकिलाला चार शब्द सुनावतो आणि काहीतरी केल्याचं समाधान घेऊन घरी येतो. इथं तारीखच नाही. सगळं लेखी. कुठल्याही देशाच्या सरकारला वाटलं तर तेही आपलं म्हणणं लिहून पाठवतं. आमच्या घोंगडीवर कुठल्या कुठल्या सरकारानं काय काय लिहिलं असेल, आणि त्यातल्या एकालाही तिचा वास माहीत नसेल, ह्या विचारानं मला बसल्या जागी बसवत नसे. मी जाऊन कुणाच्या दारात उभी राहू? कधी कधी सुनावणीही घेत नाहीत म्हणे. आमचीही नाही घेतली. मी दर सोमवारी हेन्रिकला फोन करायचे आणि तो दर सोमवारी म्हणायचा, अजून काही नाही. बिचाऱ्यानं फोन उचलायचा मात्र कधी टाळला नाही.

मधूनमधून निमोण्याला जायचे. भीमेचा पूल ओलांडतानाच पुढचा प्रश्न माहीत असायचा. आबा दारातच विचारायचे, "आलं का उत्तर? मंग खड्डा बुजवू का?" मी म्हणायचे, थांबा. सुनंदानं काही महिने गावातल्या लोकांसाठी विणलं. पण गावात आता घोंगडी कोण रोज घेतो? लग्नात एक, देवाला एक. पहिली दिवाळी गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती कंपनीच्या गाडीत बसली. मला तिनं स्वतः फोन करून सांगितलं. म्हणाली, "ताई, रागावू नका. मी थांबले असते, पण पोरांची शाळा थांबंना." मी रागावणार कशी? मला राग आला होता तो आमच्यासाठी बरोबर अर्थ शोधत बसलेल्या त्या मोठ्या माणसांचा. अर्थ बरोबर हवा हे मान्य, पण इकडं माग बंद पडला त्याचं काय? एवढं सगळं नीट चालवणाऱ्यांना हे दिसत नाही, ह्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

उत्तर आलं तेव्हा दुसरी दिवाळी होऊन गेली होती. लक्झेंबर्गनं लिहिलं ते थोडक्यात असं. वस्तू सीमेवर येते तेव्हा ती जशी आहे तशी बघा. तिचा पोत, ताठपणा, जाडी, कडा. तिचा उपयोग तिच्या अंगातच दिसत असेल तर तोही धरा. पण दूरच्या एखाद्या गावात लोक तिचं काय करतात ह्यावर आकडा ठरवू नका, नाहीतर गावागणिक आकडा बदलेल आणि कुठल्याच व्यापाऱ्याला आधी काही कळणार नाही. म्हणजे आमचा देवळापुढचा व्हिडिओही गेला आणि तो फोटोही गेला. मी ज्याच्यासाठी जिने चढले-उतरले ते सगळं बाजूला ठेवून दिलं त्यांनी. खरं सांगते, आधी मला अपमान वाटला, आणि मग इतकं हलकं वाटलं की मी खालच्या दुकानदाराला पेढे दिले.

मग हॅम्बुर्गच्या न्यायालयानं घोंगडी टेबलावर मागवली. हेन्रिक सांगत होता, तिन्ही न्यायाधीशांनी हात फिरवून बघितला, एकानं गालाला लावली आणि लगेच काढली. खळ टोचली असणार. ठरलं: जमिनीवर अंथरायची वस्तू. आणि लक्झेंबर्गनं लावलेला अर्थ आता त्या सगळ्या देशांना लागू.

दुसऱ्याच दिवशी मी निमोण्याला गेले. दुपार होती, वारं सुटलं होतं. घरात कुणी दिसेना. पडवीत आबा झोपले होते. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या, आणि फळ्यांवर आबा, त्यांच्या नेहमीच्या जुन्या घोंगडीत. निम्मी खाली अंथरलेली, निम्मी वरून अंगावर ओढलेली. मी तशीच उभी राहिले. एवढी मोठी माणसं जे विचारत होती त्याचं उत्तर माझ्यासमोर घोरत पडलं होतं, आणि ते कुठल्याच कप्प्यात मावणारं नव्हतं.

चाहूल लागली तसे आबा उठून बसले. "काय ठरलं?"

"जिंकलो, आबा. खाली अंथरायची ठरली."

त्यांनी मांडीवर आलेली निम्मी घोंगडी बघितली. "आन् ही वरची?"

"ती त्यांनी विचारात घेतली नाही."

"बरं केलं," आबा म्हणाले. "ती आपली ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात गाडी थांबल्याचा आवाज झाला आणि सुनंदा आत आली, अंगात कंपनीचा निळा कोट, हातात डबा. मी तिला सगळं सांगितलं. व्यापारी पुन्हा मागणी द्यायला तयार आहे, पहिल्याएवढीच हवी म्हणतोय. तिनं कोट काढून खुंटीला लावला, शांतपणे पाणी प्यायली.

"पयल्यायेवढी न्हाई जमायची," ती म्हणाली. "नोकरी सोडणार न्हाई मी. सुट्टीच्या दिशी बसंन. जेवढ्या व्हतील तेवढ्या घ्या म्हणावं. पुन्यांदा कुणाचं भांडण लागलं तर मला परत गाडीत जागा मिळायची न्हाई."

माझ्या तोंडाशी आलं होतं, की आता भांडण लागणार नाही, सत्तावीस देशांत ठरलंय. पण तिच्याकडं बघून मी ते गिळलं. तिचं बरोबर होतं, आणि ते मान्य करायला उशीर न लावणं एवढंच माझ्या हातात होतं. मी म्हणाले, "सांगते त्यांना. तू म्हणशील तेवढ्याच."

आबा फळ्यांवरून उठले, घोंगडीची घडी घातली आणि खांद्यावर टाकली. "मंग तेवढं सांगा आता," ते माझ्याकडं बघून म्हणाले. "खड्डा बुजवू का?"

"नका बुजवू, आबा."

"बुजवणार व्हतं कोण?" ते म्हणाले. "मी इचारायचं सोडलं असतं, तर तुम्ही त्या वकिलाला फोन करायचं सोडलं असतं. म्हून इचारत व्हतो."

दोन वर्षं ह्या प्रश्नानं मला धड जेवू दिलं नव्हतं. सुनंदा खड्ड्यावरची फळी उचलायला खाली वाकली होती.

"ताई, फळीचं तिकडचं टोक धरा," ती म्हणाली, आणि मी धरलं.